वडील हयात असताना

सावरटोला, ता. नागभीड
१४ जुलै २०२५

आदरणीय भन्तेजी,

मी डोमा. पिक्चरमध्ये म्हातारे भन्ते झालो होतो, तो. तुम्ही पाच दिवस आमच्या तलावावर राहून मला चीवर नेसायला शिकवलं आणि मग वर्षावासासाठी माजरीला परत गेलात. दिग्दर्शक पुनम मॅडम म्हणाल्या, आता पावसाचे तीन महिने तुम्ही विहार सोडत नाही आणि फोनही घेत नाही. म्हणून पत्र लिहितो. मच्छीमार संस्थेचे ठराव मीच लिहितो, त्यामुळे लिहायची सवय आहे. पत्राची नाही. सुरुवातीला नमस्कार लिहावा की वंदामि, हे ठरवता आलं नाही. शूटिंगचे आठ दिवस सगळे मलाच वंदामि म्हणत होते.

अडचण घरची आहे.

माझं वय एकोणपन्नास. वडील भैयाजी, वय अठ्ठ्याहत्तर, हयात आहेत. आमच्यात बाप गेल्यावर मुलगा डोकं आणि मिशी काढतो. बाप असताना काढत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मेकअपवाल्यानं तलावाच्या बांधावर, पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली खुर्चीत बसवलं, आरसा दिला नाही, आणि मी पाठ केलेली वाक्यं मनात म्हणत होतो. ओठाला गार वारा लागला तेव्हा लक्षात आलं.

संध्याकाळी घरी गेलो. बाबा ओट्यावर जाळं सांधत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जाळं खाली ठेवलं आणि माझ्या बायकोला, गोकुळेला विचारलं, "कोन गेलं वो?"

"कोनी नाई," ती म्हणाली. "पिक्चरसाठी केलं त्याईनं."

बाबा उठून आत गेले. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेले नाहीत. गोकुळेनं त्यांना गोष्ट सांगून पाहिली. एका म्हाताऱ्या भन्तेला ध्यानात झोप लागते, कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढतो, लाखो लोक तिला समाधी समजतात आणि बसा भरभरून दर्शनाला येतात. हसायचा पिक्चर आहे, ती म्हणाली. बाबा म्हणाले, "हासून घ्या."

चौथ्या दिवशी मूल गावाहून बहीण आली, गुणाबाई. मला कुणीतरी नागभीड स्टेशनवर पाहिलं आणि तिला कळवलं. आमचे फोन लागले नाहीत. ती बसमधून उतरल्यापासून रडत आली. दारात बाबा पेज पीत बसले होते.

"काऊन रडून राह्यली?" त्यांनी विचारलं. "कोन मेलं?"

"तुमी, बाबा," ती म्हणाली.

रडणं तिला लगेच थांबवता आलं नाही. सोबत आलेल्या जावयानं प्रेतावर घालायला कापड आणलं होतं. ते परत नेणं त्याला बरं दिसेना आणि ठेवणंही बरं दिसेना. शेवटी विसरल्यासारखं करून तो ठेवून गेला. बाबांनी ते खुंटीला टांगलं आहे.

तुमच्या धर्मात केसांबद्दल काही सांगितलेलं असेल. काढलेले केस काढले नाहीत असं धरायचा काही विधी आहे का, ते कळवावं.

आपला,
डोमा


माजरी
२० जुलै २०२५

डोमाजी,

पत्र मिळालं. नमस्कार लिहिला असता तरी चाललं असतं. आम्ही उलट नमस्कार करत नाही, एवढंच.

तुम्ही विचारता तसा विधी आमच्याकडे नाही. पण दीक्षा देताना नवख्या माणसाला सगळ्यात आधी पाच गोष्टी शिकवतात: केस, अंगावरची लव, नखं, दात, कातडी. त्यांच्याकडे नीट पाहायला सांगतात. माणूस त्यांनाच 'मी' म्हणतो, आणि त्या तर गळत, झडत, वाढत असतात. वडिलांना हे सावकाश वाचून दाखवा. दुःख केसांमुळे आहे असं त्यांना वाटतं. केस म्हणजे काय हे कळलं तर ते उरणार नाही.

इथे रोज दुपारी खाणीत सुरुंग उडतो. खिडक्या हलतात. उपासक म्हणतात, भन्ते डोळेसुद्धा उघडत नाहीत. सवय आहे, असं मी सांगतो.

एक विचारायचं होतं. झोपेचा प्रसंग कसा झाला? मला तो पाहता येणार नाही. मान उजवीकडे कलती ठेवली की डावीकडे? आणि त्या कामासाठी तुमचं नाव कसं ठरलं, हे पुनमबाईंनी तुम्हाला सांगितलं का? सहज विचारलं.

घरी सगळ्यांचं बरं असो.

उपसीव


सावरटोला
२ ऑगस्ट २०२५

आदरणीय भन्तेजी,

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. संपल्यावर गोकुळेला म्हणाले, "दात तं माये पह्यलेच गेले. केस यानं नेले. आता कातडी राह्यली. ते कवा पाह्यजे, त्या भन्तेले इचारून घे."

मान डावीकडे होती. मॅडमनी उजवीकडे सांगितली होती. सात वेळा घेतलं. सातव्या वेळी मला खरंच झोप लागली आणि मान आपोआप डावीकडे गेली. तेच ठेवलं. नाव कसं ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, तलावावर मीच रिकामा होतो. जून ते ऑगस्ट आमची मासेमारी बंद असते.

आता थोडं बरं आहे. केस अर्ध्या पेराएवढे आलेत, मिशीही आली. आमची दीड एकर धानाची बांधी आहे. रोवणीच्या वेळी बाबा बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकतात. सुरुवातीला ते माझ्याकडे फेकत नव्हते. गोकुळेकडे फेकायचे, ती मला आणून द्यायची, आणि रोवणाऱ्या बाया हसायच्या. परवा एक पेंढी सरळ माझ्या पायाशी येऊन पडली. मी वर पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते. चुकून पडली असेल म्हणून मी वाट पाहिली. दुसरीही आली.

पण १८ तारखेपासून पुन्हा शूटिंग आहे. पावसातले प्रसंग बाकी आहेत आणि डोकं पहिल्यासारखं पाहिजे. मी मॅडमना घरचं सांगितलं. त्यांनी नागपूरहून रबराचं टक्कल मागवलं. ते लावून मला टाकीच्या नळाखाली उभं केलं. पाच मिनिटांत ते डाव्या कानावर उतरलं. सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डोमादादा, डोकं गुळगुळीत करावंच लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करणार नाही. पण मग पिक्चर इथंच थांबतो."

चाळीस माणसं आहेत. त्यांच्यातली बरीच माझ्यासारखीच हातावर पोट असणारी. दुसऱ्या बाजूला दोन पेंढ्या आहेत.

तुम्ही दोन्हीकडचं जाणता. करू की नको? हो किंवा नाही, एवढंच लिहा. १८ च्या आत पोचेल असं पाठवा.

डोमा


माजरी
११ ऑगस्ट २०२५

डोमाजी,

हो किंवा नाही लिहायला बसलो आणि तीन दिवस गेले. त्याआधी तुम्हाला काही सांगायला हवं. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं.

ते काम पुनमबाईंनी आधी मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो. नाटक-तमाशा पाहणंही आम्हाला वर्ज्य आहे, मग करणं कुठलं. पण त्या हिरमुसल्या ते मला बघवलं नाही. आम्ही पाळीवरून चालत होतो. खाली पाण्याच्या कडेला एक माणूस बसला होता. हातात जाळं नव्हतं, गळ नव्हता. आम्ही गावात जाऊन दोन तासांनी परत आलो तेव्हाही तो तसाच बसलेला, पाण्याकडे पाहत. चौदा वर्षं मी तसं बसायला शिकतो आहे. मी बाईंना म्हणालो, ह्या माणसाला घ्या.

ते तुम्ही. तुमचे वडील आहेत की नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसरं. झोपेची गोष्ट माझी आहे. सहा वर्षांपूर्वी शिबिरात मी ध्यानाला बसलो आणि झोपलो. समोर तीनशे माणसं होती. मला जाग येईपर्यंत कुणी उठलं नाही. त्याचा फोटो माजरीत अजून काही घरांत भिंतीवर आहे. मान डावीकडे आहे. हे मी कुणाला सांगू शकलो नाही. पुनमबाईंना सांगितलं, कारण त्या अनोळखी होत्या. त्यांनी विचारलं, यावर पिक्चर काढू का. मला हसू आलं. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि मीही तो तसाच राहू दिला.

तिसरं. माझं आधीचं नाव प्रफुल. मी डोकं केलं तेव्हा माझेही वडील हयात होते. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर गुडघे टेकून मला वंदन केलं. मी त्यांना थांबवू शकत नव्हतो. त्यानंतर अकरा वर्षं ते माझ्याशी बोलत राहिले, पण भन्ते म्हणून. शेवटच्या आजारपणात मी शेजारी बसलो होतो. तेव्हा त्यांनी पाणी मागितलं, तेही "भन्ते, पाणी" असं.

तुमचे वडील बोलत नाहीत. माझे बोलत होते. यातलं बरं कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यामुळे हो किंवा नाही लिहिता येत नाही. टपाल उशिरा निघतं आहे, हेही कळतं.

उपसीव


सावरटोला
२५ ऑगस्ट २०२५

भन्तेजी,

तुमचं पत्र २१ ला मिळालं. डोकं १८ लाच केलं.

त्या संध्याकाळी बाबांनी आपलं ताट आणि लोटा उचलला आणि ते लालसूच्या घरी गेले. लालसू त्यांचा जुना सोबती, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. झोपायला घरी येतात, जेवायला तिथं जातात. स्वतःचं ताट घेऊन जातात आणि घासून परत आणतात. गल्लीतले लोक दारात उभे राहून पाहतात. गोकुळा दोन वेळा भात घेऊन गेली. त्यांनी तो लालसूच्या म्हशीला घातला.

तुम्ही मला पाहिलं त्या दिवशी माझ्या पायात बाभळीचा काटा होता. पाय टेकवत नव्हता. गोकुळा चिमटा आणायला घरी गेली होती. चिमटा सापडायला दोन तास लागले.

शूटिंग १० सप्टेंबरपर्यंत आहे. मला विचारायचं होतं ते विचारून झालं.

डोमा


माजरी
५ सप्टेंबर २०२५

डोमाजी,

काट्याचं वाचलं. बराच वेळ नुसता बसून राहिलो. माझ्या पायात काटा नव्हता.

वर्षावासात तातडीचं काम असेल तर सात दिवस बाहेर राहता येतं. मी त्यातला एक वापरला. परवा, ३ तारखेला, सावरटोल्याला येऊन गेलो. तुम्ही शूटिंगमध्ये होता. तुमच्या वडिलांना भेटून चूक माझी आहे असं सांगायचं, एवढंच मनात होतं. सोबत आमचे उपासक गोपाल होते. पैशाला आम्ही हात लावत नाही, तिकीट त्यांनी काढलं.

पाळीवर मोहाखाली एक म्हातारे गृहस्थ छत्री घेऊन बसले होते. खाली पाण्याजवळ तुमचं काम चाललं होतं. मी विचारलं, भैयाजी कुठं भेटतील?

"मीच," ते म्हणाले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू बी पिक्चरवाला?"

मी म्हणालो, नाही, मी खरा भन्ते आहे.

"तो बी तसाच मनते." त्यांनी खाली तुमच्याकडे बोट केलं. "पन त्यानं मनलं तं पटते."

गोपालना राग आला. ते म्हणाले, "बाबा, हे खरंच भन्ते हायत. माजरीच्या विहारात असतात."

"तुले काय काम देल्लं?" त्यांनी गोपालना विचारलं.

साडेअकरा झाले होते. गोपालनी डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. आम्ही दुपारी बारानंतर जेवत नाही. भैयाजींनी मान हलवली. "बाराच्या आंदर. तेवढं बरं पाठ केलं. पन बसनं जमून नाई राह्यलं तुले. पाठीत बाक हाय. माया पोट्टा कसा बसते, पाह्य जरा."

मी पाहिलं. तुम्ही झाडाखाली बसला होता, पाऊस पडत होता. मी पाठ ताठ केली.

"हां," ते म्हणाले. "आता जेव."

जेवण झाल्यावर मी सांगितलं, की तुमच्या मुलाचं नाव मी दिलं.

"तू देल्लं?"

"हो."

"त्याचा बाप हाय का गेला, इचारलं होतं?"

"नाही."

"इचाराले पाह्यजे होतं."

"हो," मी म्हणालो. इतक्या लांब येऊन माझं बोलणं एवढंच झालं.

मग मी विचारलं, तुम्हाला अपशकुन वाटतो का? ते छत्री मिटून माझ्याकडे वळले.

"कायचा अपशकुन गा? अठ्ठ्याहत्तर झाले. आज ना उद्या जाचंच हाय. पन मी गेल्यावर तो डोस्कं करन, तवा लोक त्याले इचारतीन, का गा डोमा, आता कोन्ता पिक्चर हाय? मंग मायासाठी काय राह्यलं?"

डोमाजी, मी त्यांना केस म्हणजे काय ते शिकवायला निघालो होतो.

आम्ही अजून तासभर बसलो. ते रोज तिथं बसतात असं मला दिसलं. जागेवरचं गवत दबलेलं आहे. तुम्ही खाली वाक्य म्हणायला लागलात की त्यांचे ओठ हलतात. एकदा तुम्ही अडखळलात तेव्हा ते हळूच पुढचा शब्द म्हणाले. बरोबर होता.

निघताना म्हणाले, "इथी बसतो म्हून त्याले सांगू नको." मी मान हलवली नाही. म्हणजे वचन दिलेलं नाही. निदान मी तसं समजतो.

उपसीव


सावरटोला
२२ सप्टेंबर २०२५

आदरणीय भन्तेजी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा गोकुळेनं वाचलं. तिनं एवढंच विचारलं, "कोन्ता शब्द चुकले होते तुमी?"

शूटिंग १० ला संपलं. ११ ला सकाळी पत्र खिशात घालून लालसूच्या घरी गेलो. बाबा आणि लालसू जेवायला बसले होते. मी समोर बसलो. पत्र काढलं नाही. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते विसरलो. मी विचारलं, "बाबा, तुमी गेल्यावर मी काय करू?"

लालसूला ठसका लागला. बाबांनी त्याला पाणी दिलं. मग त्यालाच म्हणाले, "लालसू, त्याले सांग. आता केसाले कैची लावाची नाई."

लालसूनं मला सांगितलं, "कैची लावाची नाई."

"कवापर्यंत?" मी विचारलं.

"मी जाईपर्यंत," बाबा म्हणाले. हे त्यांनी लालसूकडे पाहून म्हटलं की माझ्याकडे, हे नीट कळलं नाही. त्यांचे डोळे अलीकडे थोडे तिरळे झालेत.

"मंग लोकाईले दिसन," ते पुढं म्हणाले. "काय होतं न् काय गेलं ते."

"अन् तुमी धा वर्सं नाई गेले तं?" लालसूनं विचारलं.

"येतीन कमरेवरी."

"मिशी बी?" मी विचारलं.

आता ते सरळ माझ्याकडे वळले. "मिशीले लाव कैची. नाई तं जेवता येनार नाई तुले."

संस्थेत जसा ठराव लिहितो तसा मी मनात लिहून घेतला. सूचक भैयाजी, अनुमोदक लालसू. सर्वानुमते मंजूर. माझा होकार कुणी विचारला नाही. बाबांनी ताट उचललं, न घासता, आणि माझ्या पुढं चालत घरी आले. संध्याकाळी गोकुळेनं वाढलेलं जेवले.

भन्तेजी, ही माफी झाली की शिक्षा, ते मला कळत नाही. केस वाढतील तसतसं बाबा आहेत हे दिसेल. आणि वाढवतो कशासाठी, तर ते जातील तेव्हा काढायला. मी रोज सकाळी आरशात काय पाहायचं? गोकुळा म्हणते, डोकं धुवा आणि कामाला लागा.

काट्याचं मी रागानं लिहिलं. पण ते खरं आहे. काटा निघाल्यावरही मी थोडा वेळ तिथंच बसलो होतो, तेही खरं आहे. ते आता आठवलं.

डोमा


माजरी
१४ ऑक्टोबर २०२५

डोमाजी,

तुम्ही विचारलेल्याचं उत्तर मला येत नाही. आता मी तसं लगेच लिहू शकतो, एवढी प्रगती आहे.

पौर्णिमेला वर्षावास संपला. त्या दिवशी मी उपासकांना सांगून टाकलं, की सहा वर्षांपूर्वी शिबिरात मी ध्यानात नव्हतो, झोपलो होतो. मग एक आजी रडायला लागल्या. गोपाल मला नंतर म्हणाले, एवढी नम्रता आजवर पाहिली नाही. ज्यांच्या घरी फोटो नव्हता अशा सात जणांनी तो मागून नेला.

काल पुनमबाई आल्या होत्या. एक प्रसंग राहिला आहे. भन्ते रस्त्यानं लांब चालत जातात, पाठमोरे. तुम्ही केस काढायला नाही म्हणालात, असं त्या म्हणाल्या. त्यांना माझी फक्त मागची बाजू हवी आहे. मी रोज संध्याकाळी चालतोच. तसंच चालायचं, त्या मागून घेतील, मला कळणारही नाही. पण आता त्यांनी सांगून ठेवलं आहे.

काल संध्याकाळी चालायला गेलो नाही.

पाठीनं केलेलं काम हे काम होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

उपसीव


सावरटोला
११ जानेवारी २०२६

आदरणीय भन्तेजी,

उत्तराला उशीर झाला. पाठीचं तुम्ही ठरवलं असेलच. मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "त्याले मना, बाक काहाडून चाल." यातून हो घ्यायचं की नाही, ते तुम्ही पाहा.

डिसेंबरात बाबांना ताप आला. नऊ दिवस उतरला नाही. ब्रह्मपुरीला दवाखान्यात ठेवलं. सलाईन लावलेल्या हातानं ते मला जवळ बोलवायचे आणि काही सांगू पाहायचे, पण आवाज फुटत नव्हता. सहाव्या दिवशी गुणाबाई मुलहून आली. मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहा घेत होतो. ती रिक्षातून उतरली आणि तिथंच थांबली. आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. केस कानावर आलेले होते. मग ती शांतपणे रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडली, पिशवी घेतली आणि माझा चहा पिऊन टाकला.

"कसे हायत?" तिनं नंतर विचारलं.

बाबा घरी आले. अंगात ताकद नाही, जाळं सांधता येत नाही, त्यामुळे बसून कंटाळतात. सकाळी ऊन ओट्यावर आलं की मला हाक मारतात. मी खालच्या पायरीवर बसतो. ते जवसाचं तेल घेऊन माझ्या डोक्याला लावतात. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला असं बसलेलं पाहून येणारे-जाणारे हसतात. लहानपणी त्यांनी कधी लावलं असेल तर मला आठवत नाही.

तेल लावून झालं की ते एक बट ओढून सरळ करतात आणि बोटं आडवी लावून मोजतात. आज चार बोटं भरली. हात डोक्यावर तसाच होता. मी विचारलं, "अजून किती, बाबा?"

"डोस्कं हालवू नको," ते म्हणाले.

आपला,
डोमा